साड्यांच्या ऑनलाइन बाजारात विभाग आणि फिल्टर कसे लावावेत

अनेक विक्रेते एकाच संकेतस्थळावर साड्या मांडू लागले की विभागांची यादी भराभर वाढू लागते. ‘पैठणी’, ‘सिल्क’, ‘लग्नाच्या साड्या’, ‘नऊवारी’, ‘काठपदर’ आणि ‘नवीन आवक’ असे विभाग शेजारी शेजारी येतात, आणि लग्नात नेसायची रेशमी नऊवारी पैठणी यांपैकी कुठे ठेवायची हे प्रत्येक विक्रेता आपल्या मनाने ठरवतो. ग्राहक मात्र एकच विभाग उघडून पाहते, त्यामुळे उरलेल्या पाच विभागांतला माल तिच्यापुरता बाजारात नसल्यासारखाच राहतो. या सहा नावांनी सहा निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्या म्हणजे विणीची परंपरा, धागा, प्रसंग, लांबी, काठपदराची ठेवण आणि माल आल्याची तारीख. त्या सगळ्या एकाच यादीत बसवणे हेच गोंधळाचे कारण असते.

म्हणून विभाग करण्यापूर्वी एक कसोटी लावावी. ज्या मालाबद्दल ग्राहकाला वेगळेच प्रश्न पडतात, त्या मालाला वेगळा विभाग द्यावा. प्रश्न तेच असून उत्तर तेवढे बदलत असेल, तर तिथे फिल्टर ठेवावा. सहावारी आणि न शिवलेली नऊवारी यांच्याबद्दल धागा, रंग, काठ, पदर आणि किंमत हेच प्रश्न विचारले जातात. लांबी तेवढी साधारण साडेपाच मीटरवरून सव्वाआठ मीटरवर जाते, म्हणून लांबी हा फिल्टर पुरेसा असतो. शिवलेल्या नऊवारीचे तसे नाही. तिथे कंबर, उंची आणि काष्ट्याचा प्रकार विचारावा लागतो, माप चुकले तर परत करण्याचा प्रश्न येतो, म्हणून तिचा विभाग स्वतंत्र असावा. तयार ब्लाउज, परकर आणि खणाचे कापड यांनाही हीच कसोटी लावली तर तेही आपोआप वेगळे होतात. विभाग, उपविभाग अशा वरून खाली तीनपेक्षा अधिक पायऱ्या शक्यतो करू नयेत. ‘नऊवारी’ हा शब्द ग्राहकाला पहिल्या पानावरच दिसायला हवा, हे मान्यच आहे. पण त्यासाठी विभाग काढायची गरज नसून लांबीचा फिल्टर आधीच लावलेल्या यादीचा दुवा तिथे दिला की काम होते.

यानंतर प्रत्येक साडीबद्दल विक्रेत्याने कोणती माहिती भरायची ते ठरवावे, आणि सर्वाधिक कष्ट इथेच घ्यावेत. धागा, विणण्याची पद्धत, विणकामाचे ठिकाण, अंगाचा रंग, काठाचा रंग, जरीचा प्रकार, लांबी आणि ब्लाउजपीस आहे की नाही, या रकान्यांत मोकळे लिहू न देता ठरलेल्या यादीतूनच निवड करायला लावावी. नाहीतर ‘सिल्क’, ‘रेशीम’, ‘प्युअर सिल्क’ आणि ‘सिल्की’ अशी चार उत्तरे येतात आणि त्यांतल्या शेवटच्या शब्दामागे बहुतेक वेळा पॉलिस्टर असते. धाग्याचा रकाना सक्तीचा असावाच, कारण रेशमी, सुती आणि कृत्रिम धाग्याचे कापड एचएसएनच्या, म्हणजे करासाठी मालाचे वर्गीकरण करणाऱ्या संकेतांकांच्या, वेगवेगळ्या प्रकरणांत येते आणि बीजकासाठी ही माहिती एरवीही लागते.

विणण्याची पद्धत आणि साडीचे नाव हे दोन रकाने कधीही एकत्र करू नयेत. ‘पैठणी’ या नावाखाली येवले आणि पैठणच्या हातमागावर विणलेली साडी येते, यंत्रमागावर काढलेली सेमी पैठणी येते आणि नुसती मोरांची नक्षी छापलेली साडीही येते. हातमागावरच्या पारंपरिक पैठणीच्या पदराची नक्षी रंगीत बाणा, म्हणजे आडवे धागे, एकमेकांत अडकवून विणलेली असते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागच्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. म्हणून पदराच्या उलट बाजूचे छायाचित्र मागावे, आणि ते असल्याशिवाय ‘हातमाग’ हे उत्तर स्वीकारू नये. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. हातमागाच्या मालासाठी हँडलूम मार्क आणि शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्क ही चिन्हेही आहेत. त्यांचा स्वतंत्र फिल्टर ठेवावा, पण ज्या विक्रेत्यांची कागदपत्रे तपासली आहेत त्यांचाच माल त्यात दिसावा. महिनोन्‌महिने मागावर बसून विणलेली साडी आणि छापील साडी एकाच यादीत किमतीच्या चढत्या क्रमाने लागल्या, तर विणकराचा माल कायम तळाला जातो. हा अन्याय योग्य फिल्टरने बराच टाळता येतो.

रंगांच्या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे आणि फिल्टरची जागा लहान आहे. अंजिरी, डाळिंबी, आमसुली, चिंतामणी, मोरपंखी, श्रीखंडी आणि गुलबक्षी ही सगळी नावे फिल्टरमध्ये भरली तर मोबाइलवर यादी संपता संपत नाही. फिल्टरमध्ये दहा-बारा ठळक रंग ठेवावेत, प्रत्येकासोबत रंगाचा ठिपका दाखवावा, आणि ही खास नावे त्या रंगांना जोडून शोधासाठी वापरावीत. ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेली धूपछाव साडी दोन्ही रंगांत दिसली पाहिजे, म्हणून तिला दोन रंग भरण्याची सोय ठेवावी.

शोधाची पेटी मराठीत नीट चालावी यासाठी थोडे तांत्रिक काम करावेच लागते. ‘पांढऱ्या’ या शब्दातले जोडाक्षर कळफलकावरून दोन प्रकारे टंकता येते: एकदा ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, आणि एकदा साध्या र ला हलन्त व शून्यरुंदी जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपे एकसारखी करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, ते एक होत नाहीत. त्यासाठी नियम आपणच लिहावा लागतो. ‘साडी’, ‘साड्या’ आणि ‘साडीचा’ किंवा ‘पांढरी’ आणि ‘पांढऱ्या’ ही रूपे एका मुळाशी जोडावीत. ‘इरकल’, ‘इलकल’ आणि ‘इल्कल’ ही एकच साडी, ‘नऊवारी’, ‘नववारी’ आणि ‘लुगडे’ यांचा शोधही एकाच ठिकाणी पोचावा, आणि हीच नावे रोमन लिपीत लिहिणाऱ्यांच्या निरनिराळ्या वर्णलेखनाचीही यादी करावी. ही यादी बसल्या जागी तयार होत नाही. ज्या शोधांना एकही उत्तर मिळाले नाही, त्यांची नोंद दर आठवड्याला वाचावी. ग्राहकांचे खरे शब्द तिथेच सापडतात.

फिल्टरचे वागणे सर्वत्र एकसारखे असावे. एकाच फिल्टरमधले दोन पर्याय निवडले तर दोन्हींपैकी कोणताही माल दिसावा, आणि दोन वेगळे फिल्टर लावले तर दोन्ही अटी पुऱ्या करणारा माल दिसावा. प्रत्येक पर्यायापुढे साड्यांची संख्या लिहावी, आणि लाल निवडल्यावर हिरव्याची संख्या शून्य होणार नाही याची काळजी घ्यावी, कारण ग्राहक अजून दोन्ही रंग निवडू शकते. किमतीचे टप्पे समोर दिसत असलेल्या मालावरून ठरावेत. सुती साड्यांचे टप्पे पैठणीला उपयोगाचे नाहीत. लावलेले फिल्टर पानाच्या पत्त्यात उतरले पाहिजेत, म्हणजे तीच निवड बहिणीला किंवा सासूबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवता येते. आपल्याकडे साडीची खरेदी बहुधा एकटीने होत नाही. ज्या रकान्याची माहिती निम्म्या मालालाही भरलेली नाही त्याचा फिल्टर दाखवूच नये, कारण तो लावताच माहिती नसलेला चांगला माल नाहीसा होतो.

संक्रांतीच्या काळ्या साड्या, गौरीगणपती किंवा लग्नसराई यांसाठी कायमचे विभाग न काढता तारखेपुरते संग्रह करावेत. यादी डीफॉल्ट कोणत्या क्रमाने लागते हेही उघड सांगावे. ई-कॉमर्सबाबतच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार मार्केटप्लेसने क्रम ठरवणारे मुख्य निकष समजावून सांगणे आवश्यक आहे. आणि पुढे एखादा विभाग बंद केला किंवा दुसऱ्यात मिसळला, तर जुना पत्ता नव्या यादीकडे वळवून द्यावा आणि त्या विभागातल्या विक्रेत्यांना बदलाआधीच कळवावे.