गरम जॉबला (ज्या धातूच्या तुकड्यावर काम चाललंय त्याला) किंवा मशीनला हात भाजला तर आधी काय करायचं

भोसरी, चाकणला वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांनी हे नीट वाचा. लोखंड साधारण ५०० डिग्रीच्या पुढे गेलं की लालसर दिसायला लागतं, त्याखाली ते काळंच राहतं, म्हणजे नुकताच वेल्डिंग केलेला ३०० डिग्रीचा जॉब आणि सकाळपासून पडलेला थंड जॉब नुसतं बघून ओळखू येत नाही आणि हात नेमका तिथेच भाजतो.

भाजलं की लगेच नळाखाली हात धरा. वाहतं, साधं पाणी, पूर्ण २० मिनिटं. दोन मिनिटांत बरं वाटतं म्हणून लोक हात काढतात पण चामडीच्या आत उष्णता अजून असते, त्यामुळे घड्याळ लावून उभे राहा, सुपरवायझर ओरडला तरी. बर्फ नको, त्याने चामडीला आणखी इजा होते. पाण्याखाली असतानाच अंगठी, कडं, घड्याळ काढा कारण नंतर सूज आली की निघतच नाही. मोल्डिंगवालं वितळलेलं प्लास्टिक चिकटलं असेल तर ओढू नका, त्याच्यावरच पाणी सोडा.

टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, ग्रीस यातलं काहीही लावू नका, प्लीज! डॉक्टरला मग आधी ते खरवडून काढावं लागतं आणि ते फार दुखतं. फोड फोडायचा नाही. स्वच्छ क्लिंग फिल्म (जेवण झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक) किंवा धुतलेलं सुती कापड सैल ठेवायचं, बस.

तळहातापेक्षा मोठं भाजलंय, किंवा तोंड, हाताचा पंजा, सांध्यावर आहे, किंवा जागा पांढरी, काळी पडलीय, तर सरळ दवाखाना. आणि भाजूनही दुखत नसेल तर खुश होऊ नका, खोल भाजलं की नसाच जळतात म्हणून दुखत नाही. जास्त असेल तर १०८ ला फोन. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या.

आता शॉपमध्ये करायचं ते. गरम जॉबवर खडूने मोठ्ठं ‘गरम’ लिहा, शिफ्ट बदलताना पुढच्याला तोंडाने पण सांगा. शंका असेल तर हाताची मागची बाजू जवळ न्या, टेकवू नका. लेथवरची निळी पडलेली बर (कापताना निघणारी धातूची वळी) हुकने काढायची, हाताने कधीच नाही, आणि फिरत्या लेथवर, ड्रिलवर हातमोजे घालू नका, मोजा अडकला की अख्खा हात आत जातो. हातमोजे ओले झाले असतील तर गरम वस्तू धरायला वापरू नका, वाफ होऊन आतच भाजतं.

छोटं असलं तरी त्याच दिवशी अपघात रजिस्टरमध्ये नोंद करायला लावा, ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) क्लेमला नंतर तीच लागते.