थायरॉइड काढलेला पेशंट वॉर्डात येतो तेव्हा

पोरींनो, पेशंट ऑपरेशन थिएटरमधून यायच्या आधीच खाटेपाशी ऑक्सिजन, सक्शन (घशातला स्राव ओढून काढायचं यंत्र), ट्रॅकिऑस्टॉमी ट्रे (मानेतून श्वासनळीला भोक पाडून श्वासाची वाट करायचं सामान) आणि टाके उघडायचं सामान मांडून ठेवा. ऐन वेळी कपाटाची किल्ली शोधायची वेळ नको. खाटेचं डोकं 30 ते 45 अंश वर. कूस बदलताना मान हाताने सावरायची.

ड्रेसिंग कोरडं दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. रक्त ओघळून मानेमागे जातं, तिथे हात घालून उशी चाचपा. ड्रेन, म्हणजे जखमेतलं रक्त बाहेर काढणारी नळी, रिकामा? गुठळीने तुंबलेला असू शकतो. मान फुगतेय, पेशंट 'गळा आवळतोय' म्हणतोय, श्वासाला आवाज येतोय, तर सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पडायची वाट न बघता सर्जनला बोलवा. पहिले 24 तास डोळ्यांत तेल घालून.

दर फेरीला पेशंटला बोलतं करा. थोडा घोगरेपणा भुलीच्या वेळी घशात घातलेल्या नळीचा असतो. आवाज बसतच चालला किंवा पाण्याने ठसका लागला, तर लगेच कळवा.

पूर्ण ग्रंथी काढली असेल तर पुढचे दोन-तीन दिवस ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात का, विचारत राहा; ती रक्तातलं कॅल्शियम उतरल्याची खूण. पेशंट 'अशक्तपणा असेल' म्हणून गप्प बसतात. बीपीचा पट्टा फुगवल्यावर हात आखडला, तर कॅल्शियम उतरलंय समजा. शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट सांगितलं तर सावकाश, हृदयाचा मॉनिटर लावून.

घरी जाताना: थायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) सकाळी अनशापोटी, कॅल्शियमची गोळी त्यानंतर चार तासांनी.