नाताळची झिरो वेस्ट गिफ्ट कशी निवडायची

आमच्याकडे वसईत २६ डिसेंबरला सकाळी घंटागाडी येते ना, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक घरातून नेहमीच्या दुप्पट कचरा बाहेर पडतो. तीन वर्षांपूर्वी मी आमच्याच घरचा ढीग गाडीत टाकायच्या आधी उपसून बघितला, नवरा विचारतो काय हरवलंय तुझं, म्हटलं काही नाही, बघतेय फक्त. चमकीचा कागद, कुरळ्या रिबिनी, कॉफीच्या मगाच्या खोक्यातलं थर्माकोल, ड्रायफ्रूटच्या खोक्यातला तो प्लास्टिकचा कप्प्याकप्प्यांचा ट्रे (ज्यात वर बदाम दिसतात आणि खाली अर्धी पोकळी असते), आणि पोराच्या रिमोटच्या गाडीचं पॅकिंग, जे गाडीच्या तिप्पट होतं. गाडी स्वतः जानेवारीत बंद पडली ती गोष्ट वेगळी.

तेव्हापासून गिफ्टचा कचराच होऊ नये म्हणून आम्ही घरात जे करतो ते टप्प्याटप्प्याने लिहिते. हे शंभर टक्के झिरो होत नाही, आमचंही झालेलं नाही, पण यंदा ढीग एका बादलीत मावला.

आधी नावं लिहा, वस्तू नंतर

आगमनकाळाचा पहिला रविवार म्हणजे नाताळच्या आधी साधारण चार आठवडे, त्या दिवशी मिस्साहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) आलं की कागद घेऊन बसायचं. डिसेंबरच्या वीस तारखेला बसलात तर काहीही उपयोग नाही, कारण घाईत माणूस दुकानात जातो आणि समोर दिसेल ते खोकं उचलतो. घरी करायच्या बऱ्याच गोष्टींना तीन-चार आठवडे लागतातच.

नावं लिहून झाली की अर्धी खोडा. खरंच. आमच्या सासरी चुलत-मावस धरून तेवीस माणसं, पूर्वी प्रत्येक जण प्रत्येकाला काहीतरी द्यायचा, म्हणजे किती वस्तू झाल्या बघा. आता आम्ही चिठ्ठ्या टाकतो, एकाने एकालाच द्यायचं, लहान मुलं सोडून. पहिल्या वर्षी एक आत्या रुसल्या होत्या, दुसऱ्या वर्षी त्याच म्हणाल्या की बरं झालं बाई, धावपळ वाचली.

मग प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारा

राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) ही वस्तू कुठे असेल? तोपर्यंत दीड ते अडीच महिने गेलेले असतात. खाऊन संपली असेल तर उत्तम. रोज वापरात असेल तर उत्तम. माळ्यावर असेल, किंवा दुसऱ्या कोणाला द्यायला कपाटात ठेवलेली असेल, तर ती घेऊच नका. हा प्रश्न मी दुकानात उभी राहून मनातल्या मनात विचारते आणि दहातल्या आठ वस्तू तिथेच परत ठेवते. सुगंधी मेणबत्त्यांचा सेट, "बेस्ट मॉम" लिहिलेली उशी, फोटोफ्रेम, सगळं माळ्यावर.

खाऊ हा सगळ्यात सोपा मार्ग, पण त्यातही गोची आहे

आपल्याकडे नाताळला ताट पाठवायची पद्धत जुनीच आहे, गोव्यात त्याला कुन्स्वार म्हणतात, नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, डोस (चणाडाळीच्या वड्या) असं भरून शेजारीपाजारी जातं, हिंदू शेजाऱ्यांकडेही जातं आणि दिवाळीला त्यांच्याकडून फराळ येतो. ताट रिकामं परत द्यायचं नाही हा नियम तर आपल्या सगळ्यांच्याच घरी. म्हणजे भांडं फिरत राहायचं, कचरा शून्य. मग ताटाच्या जागी कागदी डिश आली, मग वरून क्लिंग फिल्म आली, आणि आपण आता झिरो वेस्ट शिकतोय.

तर पहिलं काम, भांडं परत आणा. मी स्टीलचे छोटे डबे वापरते, आणि ते विकत नाही घेत. बोहारीण येते तिला जुने कपडे दिले की डबे मिळतात, घासाघीस करावी लागते, तीन जीन्स आणि एक साडी देऊन दोन डबे आले आमच्याकडे. डबा द्यायचा की परत मागायचा हे देतानाच सांगा, नाहीतर समोरच्याला उगाच टेन्शन. मी डब्यावर खालून नेलपॉलिशने एक ठिपका लावते, आमचा कोणता ते कळतं.

आत काय भरायचं? मी पेराद (पेरूच्या वड्या) करते, कारण डिसेंबरात पेरू स्वस्त आणि चांगले असतात. एक किलो पिकलेले पण घट्ट पेरू, फोडी करून थोड्या पाण्यात मऊ शिजवायचे, चाळणीतून घासून बिया काढायच्या, गर वाटीने मोजायचा. जितक्या वाट्या गर तितक्या वाट्या साखर असं आजी सांगायची, मी पाऊणपट घालते. एका लिंबाचा रस. मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत बसायचं, पाऊण तास तरी, शेवटी शेवटी ते फटफट उडतं आणि हाताला चटके बसतात म्हणून लांब दांड्याचा कालथा घ्या. गोळा कडा सोडायला लागला की चमचाभर लोणी, आणि लोणी लावलेल्या ताटात थापायचं. पूर्ण गार झाल्यावरच वड्या पाडा. कोरड्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज टिकतात.

आता गोची. पहिल्या वर्षी मी हौसेने लोणच्याच्या रिकाम्या बरण्या धुतल्या, सुतळी बांधली, फोटो काढला, पेराद भरून सात जणांना दिली. चार दिवसांनी मावशीचा फोन, "अगं पेरादीला कैरीच्या लोणच्याचा वास येतोय." बाटलीची काच स्वच्छ होती, वास झाकणात होता! झाकणाच्या आत जी रबरासारखी चकती असते ती वास धरून ठेवते, कितीही धुवा. तेव्हा बरणी अशी तयार करा: लेबल गरम पाण्यात भिजवून काढायचं, राहिलेल्या चिकटपणावर खोबरेल तेल आणि खायचा सोडा चोळायचा, पंधरा मिनिटांनी घासायचं, मग बरणी थंड पाण्यात ठेवून ते पाणी उकळवायचं, उकळी आल्यावर दहा मिनिटं, आणि उन्हात खडखडीत वाळवायची. झाकण मात्र फक्त जॅम-मधाच्या बरणीचं घ्या. लोणच्याच्या बरणीत मसाला द्या, किंवा झाकण काढून टाका आणि त्यात रोप लावा.

मसाल्यावरून आठवलं, ईस्ट इंडियन लोकांचा (म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळ ख्रिस्ती लोकांचा) बॉटल मसाला हे तर तयार उदाहरण आहे. उन्हाळ्यात कुटायचा आणि बिअरच्या रिकाम्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा, गडद काचेमुळे उजेड लागत नाही आणि रंग टिकतो, म्हणून तर नाव बॉटल मसाला. तेव्हा कोणी त्याला सस्टेनेबल वगैरे म्हणत नव्हतं. घरी मे महिन्यातला असेल तर त्यातली एक छोटी बाटली मुंबईतल्या मैत्रिणीला द्या, ती वर्षभर तुमचं नाव काढेल. तसंच आमच्याकडची सुकेळी, राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, पूर्वी केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून बांधायचे. आता करणारे कमी राहिलेत, पण मिळाली तर प्लास्टिकच्या पिशवीतली नको, सुटी घ्या आणि आपल्या डब्यात भरा.

एक मात्र विचारून घ्या, घरात कोणाला शुगर आहे का. डायबेटिस असलेल्या काकांना दीड किलो केक पाठवला तर तो शेवटी ओल्या कचऱ्यातच जातो.

वस्तूच द्यायची असेल तर "इको" लिहिलेलं बघून भुलू नका

बांबूचा टूथब्रश चांगला आहे, पण त्याचे केस बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात, फेकताना पकडीने उपटून काढावे लागतात. बी असलेलं पेन मिळतं, वापरून झाल्यावर कुंडीत खोचायचं म्हणे, आत रिफिल प्लास्टिकची. आणि कापडी पिशव्या! माझ्याकडे गिफ्ट आलेल्या अकरा आहेत. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली हिशोब मांडला होता, साध्या सुती पिशवीचा हवामानावरचा परिणाम फिटायला ती प्लास्टिकच्या पिशवीच्या जागी किमान ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाणी-बिणी सगळे परिणाम धरले तर ७१०० वेळा. म्हणजे नवीन पिशवी विकत घेऊन वाटणं हे काही पुण्य नाही. आईच्या जुन्या साडीची शिवून द्या, तो कपडा आधीच घरात आहे.

जुन्या साड्यांची गोधडी हे माझं सगळ्यात आवडतं गिफ्ट आहे, फक्त गोधडी शिवणाऱ्या बाईंना ऑक्टोबरातच सांगून ठेवावं लागतं. तेवढा वेळ नसेल तर दुरुस्ती गिफ्ट करा. बाबांचं बंद पडलेलं घड्याळ चालू करून आणलं, सासूबाईंच्या मिक्सरच्या भांड्याला नवीन पातं बसवलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते कुठल्या नव्या वस्तूने दिसलं नसतं (सासूबाई आधी म्हणाल्या, हे काय गिफ्ट झालं? मग चटणी वाटली आणि गप्प झाल्या).

रोपं द्यायची असतील तर आगमनकाळातच फांद्या लावा. मनीप्लँटला नुसत्या पाण्यात दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. नारळाच्या करवंटीला खाली भोक पाडून लावलं की कुंडीचा खर्च नाही. पण ज्याच्याकडे गॅलरी नाही आणि जो महिन्यातून पंधरा दिवस टूरवर असतो त्याला रोप देऊ नका प्लीज.

मुलांचं काय

इथे मी तडजोड करते, सरळ सांगते. सहा वर्षांच्या पोराला दुरुस्त केलेलं घड्याळ देऊन चालत नाही. एकच खेळणं, बिनबॅटरीचं, टिकेल असं. सावंतवाडीची लाकडी खेळणी बघा, भातुकली, भोवरे, लाकडी फळं, धाकट्यापर्यंत पुरतात. सेकंडहँड सायकल रंगवून घंटी नवी लावली तर मुलाला ती नवीच वाटते. आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा की तुम्ही वेगळं काही घेऊ नका, याच सायकलीत तुमचे पैसे, नाहीतर सगळं मुसळ केरात.

ऑफिसचा सिक्रेट सांता

बजेट पाचशे, चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला गुपचूप द्यायचं, त्याची फारशी ओळख नसते, म्हणून सगळे कॉफीचा मग देतात. माझ्या ड्रॉवरमध्ये चार आहेत. नाव निघाल्यावर दोन दिवस त्या माणसाचं टेबल बघा, चहा पितो की कॉफी, डबा आणतो का, लोकलमध्ये पुस्तक वाचतो का. मागे एका सहकाऱ्याला मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दोन पुस्तकं आणि आमच्या झाडाची अर्धा डझन लिंबं दिली, पूर्ण ऑफिस हसलं, पण लिंबं त्याने घरी नेली, कॉफीचा मग नेला नसता.

ज्याच्याकडे सगळं आहे त्याला

नाटकाची तिकिटं, लायब्ररीची वर्षाची वर्गणी, एखाद्या मासिकाची वर्गणी. लहान बाळ असलेल्या मैत्रिणीला "दोन शनिवार मी तुझं बाळ सांभाळते" असं लिहून द्या, तारखा घालून, तारखा नसतील तर ते कधीच होत नाही. कॅनडात किंवा गल्फमध्ये असलेल्या भावंडांना पार्सल पाठवूच नका. मी आमच्या आजीला विंदालूची कृती विचारत अर्धा तास मोबाईलवर रेकॉर्ड केलं, मध्ये मध्ये ती शेजारणीच्या तक्रारी सांगते, तीच फाईल भावाला पाठवली. तो अजून ऐकतो.

बांधायचं कशात

कागद मुठीत चुरगाळा आणि मूठ उघडा. चुरगळलेलाच राहिला तर कागद, परत फुलला तर त्यात प्लास्टिक किंवा फॉइल आहे, रद्दीवाला तो घेत नाही. चकाकी असलेलाही नाहीच. मिठाईच्या खोक्यावर गुंडाळतात ती पातळ फिल्म आणि सजावटीचं थर्माकोल यांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी दुकानदार लावून देतो, तुम्ही आधी सांगा. आणि ती कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी कापड नसते, पॉलिप्रॉपिलीन असतं, म्हणजे प्लास्टिकच.

आपल्याकडे पोथी बासनात बांधायचे तसं बांधा. जुन्या ओढणीचा किंवा साडीचा चौकोन कापा, वस्तूच्या रुंदीच्या साधारण तिप्पट, तिरका पसरा, वस्तू मध्ये ठेवा, समोरासमोरची दोन टोकं वरून घेऊन आत खोचा, उरलेल्या दोन टोकांची गाठ मारा. गाठीत तुळशीची मंजिरी किंवा दालचिनीचा तुकडा खोचला की दिसतं पण छान. कापड परत आलं तर ठीक, नाही आलं तरी ते त्या घरी वापरलं जाईल.

आणि ऑनलाइन मागवणार असाल तर एवढंच, माझा "प्लास्टिक फ्री" कंगवा तीन थर बबल रॅपमधून आला होता.

घरच्यांना आधी सांगा

हे शेवटी लिहितेय पण खरं तर पहिल्याच रविवारी करायचं. न बोलता साध्या कापडात बांधलेला डबा दिला की लोक कंजूस म्हणतात, मागून म्हणतात पण म्हणतात. फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाका की यंदा आम्ही असं असं करतोय, आम्हालाही खोकी नकोत, घरचं काहीही चालेल. त्यात भाषण देऊ नका. आमच्या ग्रुपवर दोन थम्ब्स अप आले आणि बाकी शांतता, पण नाताळला मावशीने बिनखोक्याची डोसाची वडी पाठवली, स्वतःच्या स्टीलच्या डब्यात, आणि डब्याखाली तिने पण नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, लाल. तो डबा अजून आमच्या ओट्यावर आहे, रिकामा पाठवता येत नाही म्हणून थांबलाय.