जुन्या गाडीच्या वॉरंटीला जादा पैसे देण्याआधी

सर्टिफाइड, म्हणजे विक्रेत्याने तपासून प्रमाणित केलेली सेकंडहँड गाडी घेताना वॉरंटीसाठी वेगळे पैसे मागतात. ते द्यायचे की नाही, हे सही करण्याआधीच ठरवता येतं.

१. चेसिस नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा. मूळ वॉरंटी शिल्लक आहे का, विचारा. ह्युंदाई नव्या गाडीला ३ वर्षांची देते आणि मालक बदलला तरी ती गाडीसोबत येते. मग तेवढ्याच काळासाठी पुन्हा पैसे कशाला?

२. रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवून अटींचा कागद मागा. आधी वगळलेल्या भागांची यादी वाचा. क्लचप्लेट, ब्रेकपॅड, टायर, बॅटरी सहसा त्यात असतातच, आणि जुन्या गाडीत खर्च आधी यांचाच निघतो.

३. गाडी ऑटोमॅटिक असेल आणि गिअरबॉक्स वॉरंटीत धरल्याचं स्पष्ट लिहून दिलं असेल, तर ती घ्याच. ते काम फार महाग पडतं. साध्या मॅन्युअल पेट्रोल गाडीला मी वॉरंटी घेणार नाही. त्याऐवजी भरवशाच्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्यावी.

वॉरंटी घेतलीत, तर सर्व्हिस ठरल्या वेळी, त्यांनी सांगितलेल्या ठिकाणीच करा आणि बिलं जपून ठेवा. एक सर्व्हिस चुकली तरी क्लेम नाकारला जाऊ शकतो.