बोर्ड असूनही सेल मेला: एलईडी दिव्याचा लिथियम पॅक जोडताना या चुका टाळा

मागच्या हिवाळ्यात चोपड्याच्या मामांनी त्यांचा दिवा माझ्याकडे आणला. रात्रीच्या पाळीची लाईट आली की केळीला पाणी भरायला ते हाच घेऊन जातात. १८६५० आकाराचे तीन सेल, बीएमएस बोर्ड (सेलला जपणारं संरक्षण सर्किट) आणि १२ व्होल्टची एलईडी पट्टी. पॅक उघडून मीटर लावला, तर एक सेल १.४ व्होल्टवर होता. बोर्ड मात्र धडधाकट. दिव्याची काळी वायर बोर्डवरच्या बी मायनस या टोकाला सोल्डर केली होती.

हाताने जोडलेल्या पॅकमध्ये ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. बोर्डवर दोन मायनस असतात. बी मायनस सेलकडे जातो, पी मायनस दिव्याकडे आणि चार्जरकडे. या दोहोंच्या मधे मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बसलेले असतात. सेल फार उतरला किंवा कुठे शॉर्ट झालं की ते वाट तोडतात. दिवा बी मायनसवर घेतला तर करंट त्यांच्यातून जातच नाही. दिवा लागतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. मीटरने ही चूक सापडणार नाही, कारण बोर्ड चालू असताना दोन्ही मायनसमध्ये जवळपास शून्यच दिसतो. वायर बोटाने धरून टोकापर्यंत जा.

मामा म्हणाले, "लावून बघू चार्जिंगला, येईल जीव." मी ठाम नकार दिला. सेल बराच काळ दोन व्होल्टच्या खाली राहिला की आतल्या पत्र्याचं तांबं विरघळतं, चार्ज करताना भलतीकडे जमतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. तिन्ही सेल नवे घातले. एकच नवा घातला असता तर जुने आधी उतरले असते आणि पॅक त्यांच्याच मापाने चालला असता. शिवाय स्वस्त बोर्ड सेल समान करत नाहीत, म्हणून जोडण्याआधी तिन्हींचा व्होल्ट सारखा हवा.

बोर्डवर ०, ४.२, ८.४, १२.६ असं छापलेलं असतं. हे पूर्ण चार्जचे आकडे आहेत. बी मायनसपासून मोजताना ३.७, ७.४, ११.१ च्या आसपास आलं तरी जोडणी बरोबर आहे. आधी बी मायनस जोडा, मग ४.२, ८.४ आणि शेवटी १२.६. मधल्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर बोर्ड जळू शकतो. सगळं नीट जोडूनही पी बाजूला काहीच येत नसेल तर बोर्ड फेकू नका. नवा जोडलेला बोर्ड बऱ्याचदा बंद अवस्थेत असतो. चार्जर क्षणभर लावला की जागा होतो.

आता चार्जर. फवारणी पंपाच्या लेड-ॲसिड बॅटरीचा चार्जर घरात पडलेला असतो आणि पिन बसली की तोच लावला जातो. तो १४.४ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे एका सेलला ४.८. सेलची मर्यादा ४.२. बोर्ड करंट तोडेल खरा, पण बोर्ड हा शेवटचा बांध आहे, रोजचा दरवाजा नव्हे. १२.६ व्होल्टचा लिथियम चार्जरच घ्या. आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंगला लावू नका. बहुतेक सेलना चार्जिंगसाठी ४५ अंशांची मर्यादा असते, आपल्याकडे तेवढं तर बाहेरच होतं. पहाटे लावा, समोर लक्ष ठेवून.

सेलवर थेट सोल्डर नको, निकेल पट्टी स्पॉट वेल्ड करून घ्या. सेलचं अख्खं अंग मायनस असतं, म्हणून प्लसच्या टोकाला कागदी रिंग लावाच. प्लसच्या वायरीत फ्यूज घाला.

सुटा पॉवर एलईडी थेट पॅकला जोडू नका. त्याला करंट आवरणारा ड्रायव्हर लागतो.

२६०० एमएएचचे तीन सेल म्हणजे साधारण २८ वॅट-तास. ५ वॅटची पट्टी त्यावर पाचेक तास चालते. दिवा त्याच्या फार आधी विझत असेल तर तो चालू ठेवून प्रत्येक सेल वेगळा मोजा. ज्याचा व्होल्ट सगळ्यांच्या आधी कोसळतो, दोष त्याच्यात.