सेल्फ स्टार्टचा दोष बॅटरीत नव्हता

पावसाळा संपता संपता माझ्या मोटारसायकलचे सेल्फचे बटण दाबले की रिलेचा (स्टार्टर मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा) ‘टक’ असा आवाज येई, पण स्टार्टर मोटर जेमतेम अर्धा फेरा मारून थांबे. किक मारताच मात्र गाडी सुरू होई, त्यामुळे इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग आणि कॉइल ठीक असल्याचे उघड होते. गॅरेजमध्ये बॅटरी बदलण्याचा सल्ला मिळाला. तो मला पटला नाही. मल्टिमीटरवर बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट होता आणि बटण दाबल्यावरही तो १२ च्या खाली उतरला नाही. बॅटरी कमजोर असती, तर तो ९ पर्यंत सहज कोसळला असता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून बटण दाबले, तेव्हा जिथे अर्धा व्होल्टही दिसायला नको, तिथे तब्बल ४ व्होल्ट दिसले; म्हणजे या दोघांमधल्या जोडातच वीज अडत होती. बॅटरीचे निगेटिव्ह टोक इंजिनला जोडणाऱ्या अर्थिंगच्या वायरीचा इंजिनवरचा बोल्ट खोलला, तर खाली हिरवट-पांढरी भुकटी साचलेली होती. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासले, बोल्ट घट्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. आता तेच मोजमाप ०.२ व्होल्ट येते आणि जुन्याच बॅटरीवर गाडी बटणाला लगेच सुरू होते.