थंडीत स्कूटर सेल घेईना: माझा अनुभव

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पण माझी जुनी कार्ब्युरेटरवाली स्कूटर सेल मारला की नुसती कुरकुरायची. गॅरेजवाला म्हणाला, बॅटरी बदला. (त्यांचं पहिलं उत्तर नेहमी हेच!) मीटर लावला तर रात्रभर उभ्या गाडीत 12.5 व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठीक. प्लग खोलला, टोकाला काजळी. नवा टाकला. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्याने साफ करून व्हॅसलीन लावलं.

आता सकाळी चोक (इंजिनात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) ओढतो, ॲक्सिलरेटरला हात न लावता दोन-तीन किक, मग सेल. गार हवेत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यामुळे चोक लागतोच. पण इंजिन तापलं की चोक लगेच बंद करा, नाहीतर प्लग पुन्हा काळा.

लोकरीचे हातमोजे कुचकामी, वारा आरपार. हँडलला रेक्झिनची कव्हरं बसवली. दिसतात गबाळी, पण ब्रेकवरची बोटं बधिर होत नाहीत. थंडीत टायरची हवाही उतरते. ती गाडी चालवण्याआधीच, टायर गार असताना तपासायची.